ट्रॉलीमागे वारा नसतो

माझ्या मागच्या चाकाला कुणीतरी चिकटलं आहे, हे मला आधी आवाजावरून कळलं. पुढे अण्णांचा ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या दोन रिकाम्या ट्रॉल्या, त्यांचा खडखडाट... आणि त्या सगळ्यातून एक बारीक, सुरेल टिकटिक. पायडल मारायचं थांबवलं की महागड्या सायकली अशा बोलतात. माझी सायकल कितीही तेल पाजलं तरी कुरकुरतेच, त्यामुळे दुसऱ्याच्या सायकलीचं सुख मला लगेच ऐकू येतं.

मी मान वळवली. हेल्मेट, काळा गॉगल, तोंडाला फडकं. माणूस तरुण असावा. पिंढऱ्या रोज सायकल चालवणाऱ्याच्या होत्या. मी मुद्दाम बघितल्या नाहीत... दिसल्या.

"पुढं जा की," मी ओरडले.

"नको. इथं बरं आहे."

"कावून?"

"इथं वारा लागत नाही."

जानेवारीची सकाळ. माजलगावचा रस्ता, त्यावर उसाचं पाचट सांडलेलं, लांबून कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. अशा रस्त्यावर एक अनोळखी माणूस पोरीच्या मागे लागतो आणि म्हणतो, मी वारा चुकवतोय. यावर कोण विश्वास ठेवेल? मी तर मुळातच कुणावर पटकन ठेवत नाही. भाजीवाल्यानं स्वतःहून कोथिंबीर टाकली तरी मी जुडी उलटीसुलटी करून बघते.

मी उजवीकडे सरकले आणि हात वर केला. अण्णांना माझ्या सायकलीबद्दल एकच अट होती, 'आरशात दिसत राहा.' त्यामुळे दर थोड्या वेळानं मला ट्रॉलीच्या आडून क्षणभर बाहेर येऊन त्यांच्या आरशात तोंड दाखवावं लागे. हात वर केला तर थांबायचं, हेही ठरलेलं होतं. ट्रॅक्टर कडेला गेला. अण्णा उतरले. माझे वडील, भागवत, अंगानं किरकोळ आहेत, पण ट्रॅक्टरवरून उतरताना मोठे दिसतात.

"काय बे, पोरीच्या मागं कावून लागलायस?"

त्यानं गॉगल काढला, मग हेल्मेट, मग फडकं. घामानं केस कपाळाला चिकटलेले. "काका, मी मागं नाही लागलो. म्हणजे... लागलो, पण ट्रॉलीच्या."

अण्णांना हे उत्तर पटलं नाही. मला पटलं नाहीच. पण तो आमच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर आधी हॅण्डलवरच्या छोट्या मीटरवर गेली, मग मागच्या ट्रॉलीला बांधलेल्या फ्लेक्सवर, मग पुन्हा मीटरवर. फ्लेक्स विजयसिंह नावाच्या आमच्याकडच्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता. हात जोडलेले विजयसिंह, खाली शुभेच्छुकांची चिल्लर तोंडं. वाढदिवस उरकल्यावर अण्णांनी तो मागून आणला होता आणि ट्रॉलीच्या मागच्या सांगाड्याला ताणून बांधला होता.

"हा बोर्ड कुणी बांधला?"

"म्या. धूळ उडती, पाचट उडतं. पोरीच्या डोळ्यात जातंय."

तो हसायला लागला. मग एकदम थांबला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू हरवलेली वस्तू घरातच सापडली.

"तुम्ही... शीला माजलगाव का?"

हे नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते फक्त मोबाईलमध्ये होतं.

"न्हाई," मी म्हणाले.

"ही सत्यशीला हाय," अण्णा म्हणाले. माझ्या बापाला दोन मिनिटंसुद्धा खोटं सांभाळता येत नाही.

*

आता मोबाईलमधलं सांगते. पुण्यातल्या एका सायकल संघाचे तीन कोच दर रविवारी संध्याकाळी ऑनलाइन बसायचे आणि कुणालाही फुकट सल्ला द्यायचे. चढावर श्वास कसा घ्यावा, शर्यतीच्या आदल्या दिवशी काय खावं, गुडघा दुखला तर सीट किती वर करावी. दोघे पडद्यावर दिसायचे, त्यांतले मोठे पंडित सर. तिसरा दिसायचा नाही, नुसता लिहायचा. नाव 'कोच यू'. मी त्याला मनातल्या मनात पांढऱ्या मिशा आणि मफलर देऊन टाकला होता.

आपल्या सायकलीची नोंद, म्हणजे वेग आणि नाडी, मनगटावरच्या पट्ट्यावरून त्यांना पाठवायची, त्याला ते 'फाईल' म्हणत. अशा फाईली बघून संक्रांतीनंतर ते एकाला पुण्याच्या संघात घेणार होते. राहायची सोय, नवी सायकल, शर्यती. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की जेवताना घास तोंडात राहून जायचा. जागा मिळाली नाही तर उन्हाळ्यात माझ्यासाठी स्थळं बघायची, असं आईनं अण्णांकडून वदवून घेतलं होतं. शिरूर कासारच्या एका ट्रॅक्टरवाल्याचं नाव घरात दोनदा निघालंही होतं.

मी रोज सकाळी कारखान्यावर अण्णांचा डबा घेऊन जायचे. रात्रभर रांगेत उभा असलेला त्यांचा ट्रॅक्टर तोवर रिकामा झालेला असायचा. येताना मी त्याच्या मागे. येताना मी उडायचे. ते आकडे बघून मला स्वतःचा इतका अभिमान वाटायचा की मी तीच फाईल पाठवली.

कोच यूचं उत्तर आलं होतं, 'जाताना सायकल, येताना टेम्पो? वेग घोड्याचा आणि नाडी झोपलेल्या माणसाची. ही फाईल संशयास्पद आहे. बाजूला ठेवली आहे.'

कडब्याच्या गंजीमागे जाऊन मी मनसोक्त रडले होते. मी संशय घेणारी. माझ्यावर कुणी संशय घ्यायची ही पहिलीच वेळ.

*

आणि आता रस्त्याच्या कडेला हा माणूस स्वतःच्या मीटरकडे बघत पुटपुटत होता, "वेग घोड्याचा... आणि माझीसुद्धा नाडी झोपलेली."

खाली एक ऊस पडला होता. मी तो उचलला.

"ते तुमी हायेत व्हय?"

"कोण?"

"मिशा कुठंयत तुमच्या?"

"कसल्या मिशा?" तो एक पाऊल मागे सरला. "हे बघा, मी उत्तरेश्वर. आष्टीचा. ताई माजलगावला असते, तिच्याकडं सुट्टीला आलोय. हो, ते मीच लिहिलं होतं. पण मला खरंच माहीत नव्हतं हो..."

"मला खोटारडी म्हनले तुमी."

"संशयास्पद म्हणालो."

"तेच की. पुन्यात दोन शब्द हायेत, आमच्याकडं येकच हाय."

अण्णांनी माझ्या हातातला ऊस काढून घेतला. भांडण मिटावं म्हणून नाही, तर त्यांना तो खायचा होता.

"तुमची फाईल खोटी नाही," उत्तरेश्वर हळू म्हणाला. "ते मी आजच सरांना कळवतो. पण एक सांगू? राग येईल."

"आलेलाच हाय."

"तो वेग तुमचा नाही. या बोर्डाचा आहे. ट्रॉलीमागे वारा नसतो. वारा सगळा विजयसिंह खातायत, तुम्ही नुसत्या ओढल्या जाताय."

मला वाटलं, हा आता वेगळ्या वाटेनं मला बाद करतोय. मी तसं म्हणालेही. तो वाद घालत बसला नाही. म्हणाला, "काका, ट्रॅक्टर रोजच्यासारखा चालवा. आणि तुम्ही, वेग आला की बोर्डाच्या आडून बाहेर या. मग ठरवा."

मी आले. उजवीकडे दोन हात सरकले आणि उजव्या हाताच्या धरणाकडून येणारा वारा मला असा लागला, जणू कुणी दार तोंडावर आपटलं. मी पायडलवर उभी राहिले. मांड्या पेटल्या. ट्रॉली पुढे चालली... आणखी पुढे... विजयसिंहांचं हसरं तोंड लहान लहान होत वळणाआड गेलं.

मी सायकल चालवत राहिले, कारण थांबले असते तर तिथेच बसले असते. इतके महिने मी जी सत्यशीला होते, ती मी नव्हतेच. अण्णांनी धूळ लागू नये म्हणून बोर्ड बांधला आणि त्याच मायेनं मला फसवलं. डोळ्यांतून पाणी वाऱ्यानं मागे चाललं होतं, कानापर्यंत.

तो माझ्या शेजारी आला. थोड्या वेळानं तो माझ्या डावीकडून उजवीकडे गेला, आणि वारा एकदम कमी झाला. मला तेव्हा वाटलं, हा मला रस्त्याच्या कडेला दाबतोय. मी त्याच्याकडे रागानं बघितलं. त्यानं बघितलं नाही. तो समोर बघून वारा खात होता.

"जातानाचा भाग मी बघितलाच नव्हता," वळणावर तो म्हणाला. "येतानाचाच बघत बसलो. रात्री नीट बघतो. डबा घेऊन जाता ना? किती जड असतो?"

"भाकरी, बेसन, कांदा. आन् पान्याची बाटली."

"हं," तो म्हणाला. त्या 'हं'वर मी दिवसभर विचार करत बसले.

*

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. जातानाची फाईल बघितली होती म्हणे. आडव्या वाऱ्यात, डबा बांधून, कुरकुरत्या सायकलीवर, तरीही ती चांगली होती. "फारच," असं म्हणून तो थांबला. पण आधीच्या फाईलीवर डाग पडलेला, त्यामुळे नवी पाठवावी लागणार होती. एकटीची. धरणाच्या रस्त्यानं, ट्रॅक्टर पुढे नाही. तोवरचा सराव तो घेईल. फुकट.

'फुकट' हा शब्द ऐकून आईनं त्याला शेतात हुरड्याला बसवलं. माझी आई सुनिता कुणाची चौकशी करायची असली की आधी खायला घालते. आगटीत ज्वारीची कणसं भाजत होती, आई गरम कणीस तळहातावर मळून दाणे त्याच्यापुढे टाकत होती आणि एकेक प्रश्न सोडत होती. घर कुठलं, आईबाप काय करतात, लग्न झालंय का. त्यानं सगळ्यांची उत्तरं नीट दिली. लग्नाच्या वेळी त्याला ठसका लागला.

"मंग फुकट कावून शिकवतो रं बाबा? फुकट तर कुनी चुलीला इस्तू बी देत न्हाई."

मी कान टवकारले. हाच प्रश्न मला पहिल्या रविवारपासून खात होता.

तो थोडा वेळ दाणे निवडत बसला. "खरं सांगू का काकू? फुकट ऐकणाऱ्यांतले दोन-चार जण पुढं पैसे देऊन शिकायला येतात. त्यावर आमचा पगार निघतो. म्हणून बसतो रविवारी."

"म्हंजे नमुना हाय," आई म्हणाली. "बाजारात गूळ चाखाया देत्यात तसा."

"तसंच."

आईचा चेहरा सैल झाला. लबाडी उघड सांगणारा माणूस तिला आवडतो. माझा मात्र झाला नाही. "मंग माझ्याकडून काय निघनार तुमाला?" मी विचारलं. "मी तर पैसे देऊन शिकनार न्हाई."

त्यानं माझ्याकडे बघितलं. धूर आमच्या मधून चालला होता. "त्यात... म्हणजे, संस्थेचं धोरण असं आहे की गुणी खेळाडू..." आणि मग एकदम, "तसं न्हाई. मला यायचं असतंय इथं, म्हनून येतो."

तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं. हा काही लपवत असला की पुण्याचं बोलतो. अगदी मनातलं बोलताना आष्टीचं बोलतो.

*

पुढचे काही दिवस सकाळी असंच चाललं. अण्णांनी आरशाची अट सोडली नाही, फक्त उलटी केली. आता मी पुढे, उत्तरेश्वर थोडा मागे आणि सगळ्यात मागे ट्रॅक्टर. डबा आई अगोदरच कुणाकडून तरी कारखान्यावर धाडायची. अण्णांना आता आरसा लागत नव्हता, पण ते तो रोज पुसायचे.

"वारा अंगावर घ्या," उत्तरेश्वर मागून म्हणायचा. "त्याच्याशी भांडू नका. मान खाली, खांदे सैल... आता बघा, किती छान."

'किती छान' मी घरी घेऊन यायचे. भांडी घासताना, शेळीला पाला टाकताना ते माझ्याबरोबर असायचं. मला वाटायचं, हे वाक्य त्यानं माझ्यासाठी केलं आहे.

मग एका दुपारी मी कोचांच्या ऑनलाइन पानावर मोहिनी नावाच्या कुणा मुलीचा प्रश्न बघितला. तिला वाऱ्यात दम लागत होता. खाली कोच यूचं उत्तर होतं, 'वारा अंगावर घ्या. भांडू नका. मान खाली, खांदे सैल. बघा, किती छान वाटतं.'

मी मोबाईल पालथा ठेवला. परत उचलला. नमुना. आई म्हणाली तसं, गूळ. सगळ्यांना त्याच ढेपेतला.

पण एका पुराव्यावर मी कुणाला दोषी ठरवत नाही. मी दुसरं खातं उघडलं. नाव माझ्या आजोबांचं घेतलं, आश्रुबा, वय सत्तर. लिहिलं, 'कोच साहेब, सायकल चालवताना वारं लई लागतं. काय करावं?'

तासाभरात उत्तर आलं. 'आश्रुबा काका, नमस्कार. वारा अंगावर घ्या. भांडू नका. मान खाली, खांदे सैल. बघा, किती छान वाटतं.'

मला हसू आलं आणि रागही आला. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यालासुद्धा 'किती छान'. म्हणजे मोहिनीत विशेष काही नव्हतं. पण मग माझ्यातही नव्हतं. मी ते कोडं सोडवत बसले आणि आश्रुबाच्या खात्यातून बाहेर पडायचं विसरूनच गेले. दुसऱ्या दिवशीचा माझा धरणावरचा सराव पट्ट्यानं इमानदारीत आश्रुबांच्या नावावर जमा केला. मी तो घाईघाईनं पुसला. कुणी बघितला नसेल, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी तोडून बोलायला लागले.

"काही झालं का?" त्यानं विचारलं.

"काय व्हायचंय? खांदे सैल हायेत माजे."

*

नवी फाईल मी शनिवारी पाठवली. धरणाच्या पूर्ण रस्त्याची, एकटीची. तो त्या सकाळी मुद्दाम आला नव्हता, नुसते अण्णा मागून ट्रॅक्टर घेऊन होते. वारा असा होता की पाण्यावर उलट्या रेघा उठत होत्या. परतले तेव्हा मला बोलता येत नव्हतं. अण्णांनी स्वतः माझी सायकल धरली.

दुपारी तो आला. अंगणात उभा राहिला, बसला नाही.

"उद्या पुण्याला निघतोय. रविवारची बैठक तिथून घ्यायची." मग चपलेनं माती उकरत म्हणाला, "आणि... तुमची फाईल मी तपासणार नाही."

"कावून?"

"प्रक्रियेच्या दृष्टीनं ते योग्य... बाकी दोघं बघतील."

पुण्याची भाषा. शुद्ध, इस्त्री केलेली.

"चांगली न्हाई का फाईल?"

"मी उघडलीच नाही."

"माज्याच वक्ताला कावून? त्या मोहिनीची बी न्हाई बघनार का?"

"कोण मोहिनी?"

"जाऊ द्या," मी म्हणाले. "तुमी आदी संशयास्पद म्हनले, आता हात झटकायलेत. दोन्हीचा अर्थ येकच होतोय."

तो काहीतरी बोलणार होता. मग आई आतून बाहेर आली आणि तो "येतो काकू" म्हणून निघाला. महागड्या सायकलीची टिकटिक लांबपर्यंत ऐकू येत राहिली. इतक्या दिवसांत ती मला आवडायला लागली होती, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे राग कशाचा होता तेही कळलं. मला तो आवडला होता, आणि तो निघाला होता.

*

रविवारी संध्याकाळी आईनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. ती चुलीपुढे, अण्णा भिंतीला टेकून, मी दारात. जवळ बसायची माझी हिंमत नव्हती.

पंडित सर नेहमीसारखे प्रश्न घेत राहिले. कुणाचा गुडघा, कुणाची सीट. मग ते म्हणाले, "आता संघातली जागा," आणि पाणी प्यायले. पुढाऱ्यांपेक्षा वाईट माणूस, असं मला वाटलं.

"ही जागा आम्ही सत्यशीला, माजलगाव, यांना देतोय. मी तर जातानाच्या जुन्या फाईलीवरच होकार दिला असता. डबा बांधून वाऱ्यात अशी चालवणारी मुलगी मी बघितली नाही. नवी फाईल त्याहून सरस आहे."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मी उंबऱ्यावरच बसले. पण सर अजून बोलत होते, आणि आता ते हसत होते.

"एक गोष्ट मात्र सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे उद्या कुणी शंका काढायला नको. ही फाईल आम्ही दोघांनीच तपासली. उत्तरेश्वरनं हात लावला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, सर, या मुलीच्या बाबतीत मी आता त्रयस्थ राहिलो नाही. तिच्या मेहनतीवर माझ्यामुळं कुणी बोट ठेवायला नको."

चुलीत काटकी तडकली.

"तिरस्त म्हंजे काय हो?" आईनं विचारलं.

"त्रयस्थ," अण्णा म्हणाले. "म्हंजे तिऱ्हाईत. परका मानूस."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. "मंग तो काय म्हनतोय? परका राहिला न्हाई म्हनतोय?"

"तसंच दिसतंय," अण्णा म्हणाले, आणि दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. भाकरी करपली. ती मीच खाल्ली, कुणाला काही बोलता येऊ नये म्हणून तोंड भरून.

जेवण झाल्यावर मोबाईल वाजला. निरोप मला नव्हता. आश्रुबांना होता.

'आश्रुबा काका, रामराम. सत्तरीत धरणाच्या रस्त्यानं तुमी लई जोरात पळवता. ती फाईल दिसली तवाच मला वळखू आलंतं. फुकटचा सल्ला म्या तुमाला दिला, आता येक मला द्या. आष्टीच्या येका पोराला माजलगावची येक पोरगी लई आवडती. पन ती लई संशयी हाय. तिला सरळ सांगितलं तर तिला वाटंल, जागेच्या बदल्यात बोलतोय. म्हनून पोरगं जागेचा निकाल लागंस्तवर गप बसलं. आता बोलावं का?'

मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. पुण्याचा एखादा शब्द सापडतो का ते शोधत होते. एकही नव्हता.

मी बरंच काही लिहिलं आणि खोडलं. शेवटी आश्रुबांनी एवढंच पाठवलं, 'पोराला म्हनावं, फुकट सल्ला आमी देत न्हाई. सकाळी ट्रॅक्टरपाशी ये आन् तोंडानं बोल. आन् आरशात दिसत ऱ्हा.'

*

तो रात्रीच्या गाडीनं आला असावा. डोळे झोपेचे, सायकल माजलगावहून चालवत आणलेली. कारखान्याच्या बाहेर अण्णांचा ट्रॅक्टर रिकामा उभा होता. मी डबा घेऊन आलेली.

"काका," तो अण्णांना म्हणाला, "मला जरा सत्यशीलाशी बोलायचंय."

"बोल की. मी कुठं नको म्हनलो?" अण्णांनी ट्रॉलीच्या मागे जाऊन फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या. विजयसिंहांची गुंडाळी केली आणि सीटखाली सारली. "आता पुन्याला जायची हाय ती. सवय लागू द्या वाऱ्याची."

ट्रॅक्टर निघाला. आम्ही त्याच्या मागे. आता पुढे आडोसा नव्हता, उघड्या सांगाड्यातून अण्णांची पाठ दिसत होती आणि बाजूच्या आरशात त्यांचे डोळे.

"बोला," मी म्हणाले.

"मला तू आवडती," तो म्हणाला. मग घाबरून, "म्हणजे तुम्ही... आवडता, असं माझं..."

"पयलंच बरं होतं."

मला पण तो आवडतो, हे सांगायला मी थोडा वेळ घेतला, कारण चढ होता आणि दमही लागला होता. वर पोचल्यावर सांगितलं. त्यानं ऐकलं आणि तोल जाऊन एकदा पाचटात सायकल घातली. अण्णांनी आरशातून बघितलं आणि आरसा हातानं थोडा वर, आभाळाकडे वळवून ठेवला.

पुढच्या वळणावर धरणाकडून वारा आला. उत्तरेश्वर काही न बोलता बाजू बदलायला लागला. मी लगेच मान वळवून वारा कुठून येतोय ते बघितलं.

तो त्याच बाजूला आला होता.